कोपऱ्यातला नंबर

पूल म्हणावा एवढं ते काही मोठं नाही.
येळ्ळूर रोडवरची मोरी, खालून बळ्ळारी नाला,
परवा तिथं मी कमरेभर पाण्यात उभा होतो.
भरमा हलगेकर, वय त्रेपन्न, पेंटर.
म्हणजे एके काळचा पेंटर.

त्या दिवशी जेवढा पडला
तेवढा पूर्वी अख्ख्या नक्षत्राला पडायचा.
त्याआधी चाळीस दिवस थेंब नाही.
धूळवाफेला पेरलेलं भात मातीतच भाजलं,
उरलं ते आता पाण्याखाली.
लोक मोरीवर छत्र्या धरून उभे,
म्हणत होते, "कार्पोरेशननं बघायला पाहिजे की."
बसवण्णी म्हणाला, "होगली बिडु."
गजा पावशे म्हणाला, "जाऊ दे, सोड."
ज्या दोन भाषा एका पाटीवर
अक्षराच्या उंचीवरून भांडतात
(ती उंची मीच मोजलीय फुटपट्टीनं,
दोन्हीकडच्या शिव्या खात)
त्या या एका वाक्यात
शेजारी शेजारी मांडी घालून बसल्या.

मोरीच्या तोंडात काहीतरी अडकलं होतं.
जलपर्णी, बाटल्या, कुणाची तरी गादी,
आणि तिच्यामागं ताडपत्रीसारखं ताणलेलं.
ओढलं. आलं नाही.
पुन्हा ओढलं तेव्हा चिखलातून एक चेहरा वर आला,
गॉगल लावलेला, हसरा,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
खाली शुभेच्छुकांचे बत्तीस पासपोर्ट फोटो
आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
माझा मोबाईल नंबर.

पहिल्यांदा मी काय केलं सांगू?
अंगठ्यानं चिखल सारून
तो नंबर झाकला.

ब्रश सोडून फ्लेक्सचं मशीन घेतलं
त्याला आता अकरा वर्षं झाली.
हप्ते फिटले. पोरगी शिकली.
किती चौरस फूट छापलं, हिशेब आहे,
कुठं गेलं, याचा नाही.

आमच्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे.
एका लॉजच्या भिंतीवर मीच लिहिलं होतं तसं,
हिरव्या रंगात, पिवळी सावली देऊन.
आता त्या अक्षरांवर एसीची खोकी लटकतात.
रस्ता रुंद करायचा होता तेव्हा
झाडांवर आकडे घालायचं काम मला मिळालं,
एक ते दोनशे चौदा, पांढऱ्या ऑइल पेंटनं.
दर आकडा सुबक आला होता.
साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."
मी खूश झालो होतो. खोटं कशाला बोलू.

आणि एकोणीस सालच्या पुरानंतर
गल्लीच्या कोपऱ्यावर निळी रेघ मारली होती मी,
छातीएवढी, तारखेसकट, फुकट.
पुढच्याला कळावं म्हणून.
दोन वर्षांनी शांताक्का म्हणाल्या,
"पोरीला बघायला येणार आहेत,
घर पाण्यात जातंय असं दिसायला नको."
मी डिस्टेंपरचे दोन हात मारले.
पुसायचे मात्र सातशे घेतले.

वरून कुणीतरी विचारलं,
"काय रे, कुणाचं आहे ते?"
माणसाला अशा वेळी पुष्कळ उत्तरं सुचतात.
वाढदिवसवाल्याचं आहे. कार्पोरेशनचं.
वरनं वाहून आलंय.
आभाळाकडं बोट दाखवलं असतं
तरी चाललं असतं, सगळे दाखवतातच.
मी चिखल धुतला, नंबर वर धरला
आणि म्हणालो, "माझं."

कुणी हसलं. कुणी मोबाईल काढला.
पाऊस वाढला तशी चारपाच माणसं
गाडीला किक मारून निघून गेली.
बसवण्णी थांबला.
खाली उतरला नाही, पण कठड्यावरून वाकून
त्यानं छत्री माझ्या डोक्यावर धरली,
जणू मी तिथं भिजायचा बाकी होतो.

"छत्री नको," मी म्हटलं,
"हे टोक धर.
आत अजून एक आहे."